नागपूरवरून जाणारं विमान

नागपूर, रविवार

प्रिय रुचिका,

फोनवर आपण दोघं हवापाण्यापलीकडे बोलत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझी आई म्हणते, "काहून पत्र? पोरीले फोन लावा ना." तिला काय सांगू! फोन कानाला लावला की मी पाऊसपाणी विचारतो आणि फोन तिच्याच हातात देतो.

दिल्लीपासून तुझ्या बेटापर्यंत अडीच हजार किलोमीटर, विमानाने पावणेचार तास, हे मला पाठ आहे. आता गांधीबागेतल्या दुकानात दिवसभर कापड मोजून देणारा माणूस मी. परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मनातच मापून पाहिलं. त्याआधी आयुष्यभरात घरच्या हातमागावर पाचेक हजार नऊवारी लुगडी विणली असतील. एकापुढे एक अंथरली तर आपल्या दारापासून जेमतेम पारशिवनीपर्यंत पोचतील. तुझ्याकडे निघालो तर माझं कापड पारशिवनीतच संपतं. हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

सुट्टीत तू बेटावरच्या तुझ्या नोकरीच्या शाळेतून दिल्लीला साहिलरावांकडे येतेस (जावयाला पहिल्यांदाच राव म्हटलं, हसू नकोस) आणि तिथूनच परत जातेस. पाच वर्षांत एकदाही नागपूरला उतरली नाहीस. निघताना आईच्या फोनवर तुझा निरोप येतो, 'बसले'. चार तासांनी 'पोचले'. या दोन शब्दांच्या मध्ये मी गच्चीवर असतो. देशाचा मध्य दाखवणारा शून्य मैलाचा दगड आपल्या गावात, तेव्हा दिल्लीहून तिकडे जाणारं विमान नागपूरवरूनच जाणार, असं मी धरून चाललो. सातला सुटलं तर सव्वाआठला आपल्या डोक्यावर. मी चटई टाकून पडतो. पांढरी रेघ दिसली की उठून हात हलवतो. डोळे मिटले की तू खिडकीशी दिसतेस, कपाळ काचेला टेकवून खाली बघणारी. मग तुझा समुद्र येतो. मी तो पाहिलेला नाही, म्हणून माझा समुद्र म्हणजे आपण वाळत घालायचो ते निळं सूत, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि त्यावरून तुझं विमान आवाज न करता सरकत असतं. आई खालून ओरडते, "चहा थंडा होऊन राहिला, उतरा!" तेव्हा कुठे मी नागपुरात येतो.

आज सकाळी शेजारच्या मुग्धाने मोबाईलवर तुझं विमान दाखवलं. ते ओडिशावरून गेलं गं, आणि तिथून थेट समुद्रावर. "काका, हे नागपूरवरून जातच नाही," ती म्हणाली. पाच वर्षं मी भलत्याच लोकांना हात केले!

तुझ्या लग्नाच्या वेळी मी बोललो होतो, "गेली तं परतून येऊ नको." तू तो शब्द पाळलास. पोर माझीच ना! माझं चुकलं, रुचिका. तेव्हापासून माग बंद आहे, पण शेवटचं लुगडं उतरवताना मी ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं मागावर तशीच ठेवली. आपल्या कोष्ट्यांच्या घरात ती ठेवतातच, नवा ताणा एकेक धागा पिळून त्यांनाच जोडायचा असतो. धूळ बसली आहे, तुटलेली नाहीत. मी रोज बघतो.

विमान आपसूक नागपूरवरून जात नाही, तिकिटावर नागपूर घालावं लागतं, एवढं सांगायला हे पत्र. दिल्लीहून पावणेदोन तास. दिवाळीच्या सुट्टीत दोघंही या. गच्चीवरून हात हलवणं पुष्कळ झालं, या वेळी मी विमानतळावर उभा राहतो.

तुझाच,
बाबा