टोक कापलेली माशी

मुक्काम श्रीनगर, १२ मार्च १९५९

अक्का, तुझ्या पायी डोकं ठेवून लिहितो.

मी खुशाल आहे. काम बसून करायचं. मासे धरायच्या गळावर पिसं बांधून खोटी माशी करतो. काल उस्तादांनी बारीक गळ सांगितले, म्या आकडा लहान बघून आठ नंबरचे उचलले. इथं तुझ्या सुयांवानी नंबर वाढला की गळ बारीक होतो. साऱ्या माश्या वाया गेल्या! उद्या चुकलो तर मुरुमला परत धाडतील. गळ रुतलेल्या बोटाची सूज उतरलीय.

अप्पांची पूजा वेळेवर होते ना? त्यांना पिसांचं काम एवढंच सांग. गळ्यात लिंग अन् हातात गळ, हे त्यांना सोसायचं न्हाय.

सोबत एक माशी धाडलीय, गळाचं टोक कापून. ही कशाला करतात, असं अप्पांनी विचारलं तर खोटं तूच बोल. माझ्यानं त्यांच्याशी होत न्हाय.

तुझा,
चन्नू