पेंटिंग की टेक्सटाइल

२ जून, मंगळवार
दोन्हीकडे नंबर लागला. बडोद्याला पेंटिंगची डिग्री, इथे सुरतेत टेक्सटाइल डिझाइनची. आईने देवापुढे साखर ठेवली. मी 'हो हो' केलं आणि कपडे वाळत घातले. आनंद व्हायला हवा होता बहुतेक. सोमवारपर्यंत कळवायचं आहे.

३ जून
मामाचा फोन. रिंगरोडला त्याचा साडी डिझाइनचा स्टुडिओ, दहावीपासून सुट्टीत मी तिथेच बसते. म्हणे, "पेंटिंग करून काय लोकांच्या भिंती रंगवणार आहेस? टेक्सटाइल कर, शिकता शिकता माझ्याकडे बस." ड्रॉइंग क्लासच्या सरांना सांगितलं तर ते उखडले. "बेन, तू साडी माटे नथी जन्मी." साडीसाठी जन्मले नाही, मग कशासाठी, ते काही बोलले नाहीत. दोघांनाही 'बरं' म्हटलं.

४ जून
बडोद्याची परीक्षा सारखी आठवते. विषय होता 'बाजार'. भाजीवाल्या, छत्र्या, एक गाय, सगळं छान उतरलं. इंटरव्ह्यूला मॅडमनी कागद हातात धरला. "ही गाय अर्धीच का?" मी सांगितलं, उरलेली अर्धी डावीकडे आहे. दोन्ही कडा जुळवल्या की पूर्ण होते. मग म्हणाल्या, "चित्र संपतं कुठे पण?"
मी म्हणाले, "संपत नाही, मॅडम. पुढे जोडत जायचं."
पॅनेलवरच्या सगळ्याच हसल्या. मेली सवय! स्टुडिओत प्रत्येक डिझाइन असंच करायचं, कडेला कड जुळली नाही तर छापताना साडीवर जोड दिसतो. परीक्षेत कोण करतं असं? तरी घेतलं त्यांनी. कीव आली की आवडलं, देव जाणे.

५ जून, शुक्र.
आई पलंगावर बसून साडीला टिकल्या चिकटवत होती. म्हटलं काढू हिला, नुसतं चित्र, चारी बाजूंनी बंद. तिचा कोपर उजव्या कडेला टेकला आणि माझी पेन्सिल आपोआप डावीकडे गेली. कोपराचा तुकडा तिथे काढून मोकळी. फाडलं. परत तेच. आई म्हणे, "मी काय कापडनं ठाण शे का, मीटरवर मोजाले?" ती हसली, मीही हसले. आत काही हललं नाही.

६ जून
झोपले. जेवले. झोपले. मैत्रीण अप्लाइड आर्ट घेतेय, म्हणाली तूही ये, जाहिरातीत काम मिळतं. म्हणजे आता तिसरं. बरं म्हटलं तिलाही. माझं 'बरं' फारच स्वस्त झालंय.

७ जून, रवि.
पप्पा पलसाण्याला प्रिंटिंग मिलमध्ये आहेत. आठवडाभर या विषयावर अवाक्षर नाही. आज संध्याकाळी ड्युटीला निघताना गॅलरीत थांबले.
"काय ठरनं तुन्हं?"
"तुम्हीच सांगा ना पप्पा. तुम्ही म्हणाल ते करते."
डबा कठड्यावर ठेवला त्यांनी. "मी सांगसू आनि चुकनं, ते तू जन्मभर माले बोलशी. तू सांग. चुकनं ते मी काहीच बोलाव नही."
मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील, जातील. गेलेच नाहीत. खाली मिलची बस हॉर्न मारत होती. ते तसेच उभे, माझ्या तोंडाकडे बघत. बस गेली. पप्पांची बस कधी चुकत नाही. आई आतून ओरडली, खाडा पडेल म्हणून, तरी ते हलले नाहीत.
एकदम भीती वाटली, हे खरंच मलाच सांगायचंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.
ते अजून बाहेरच बसलेत. मी पाणी प्यायला म्हणून आत आले आणि हे लिहीत बसले. आता जायला हवं बाहेर.