क्ष नावाची मुलगी

२९ ऑक्टोबर

एकेचाळीस माणसं, बेचाळीस फोटो!

दाभोश्याच्या धबधब्यापलीकडच्या पाड्यावर आज क्षयाचं शिबिर होतं. जिपेत एक्स-रेचं मशीन, मी, मदतनीस प्रसाद, आणि दिवाळीची सुट्टी म्हणून माझी लेक समृद्धी. घरी ठेवली तर ही पोरगी दिवसभर मोबाइल सोडत नाही. संध्याकाळी जव्हारला परतून यादी जुळवली तर एक छाती जास्त. वेळ एक वाजून बारा मिनिटं – तेव्हा मी जेवत होते. प्रसाद म्हणतो, ‘मॅडम, ट्रायल असेल.’ ट्रायलला बरगड्या असतात का रे, मूर्खा!

३० ऑक्टोबर

डॉक्टरांनी पाहिलं. उजव्या फुप्फुसात वरती पोकळी, क्षयाचीच. खांद्याची हाडं अजून पुरती जुळलेली नाहीत, म्हणजे वय बारा ते पंधरा. खांद्यावरून वेणीची सावली खाली आलेली. मुलगी.

‘वनमालाबाई, लवकर शोधा हिला. औषध सुरू झालं तर सहा महिन्यांत बरी होईल. राहून गेलं तर...’

नावाचा रकाना मोकळा सोडता येत नाही. क्ष लिहिलं.

३१ ऑक्टोबर

बावीस वर्षं या अक्षरावर पोट भरतेय. दारावर क्ष-किरण, पाकिटावर क्षय. शाळेत गणिताचे सर फळ्याकडे वळून ‘समजा, क्ष’ म्हणाले की मी वहीत डोकं खुपसायचे. समृद्धीच्या पुस्तकात सरळ एक्सच आहे. अंगणवाडीच्या तक्त्यावर तोच क्ष शेवटून दुसरा, तलवार घेतलेला क्षत्रिय. आणि ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, तोही क्ष. घाटात अपघात झालेले, खिशात चिठ्ठीसुद्धा न सापडलेले दोघंजण मी याआधी क्ष म्हणून नोंदवले होते. दोघंही त्याच दिवशी गेले.

नको तेच आठवतं मेलं.

२ नोव्हेंबर

प्रसाद रजेवर, फोन बंद. एकटीच पाड्यावर गेले. यादीत त्या वयाच्या सहा मुली. सहाही जणींचे फोटो आहेत, सहाही स्वच्छ. तिथल्या ओळखीच्या जयवंतीच्या ओट्यावर बसून विचारलं, कुणाची एखादी पोर घरात लपवलेली नाही ना?

‘नाय ओ मॅडम. आमची पोरं सगली तुमच्या म्होरं उभी केली.’

मी ओरडलेच तिच्यावर – लपवता कशाला? रोगाची लाज कसली? जीव मोठा की चारचौघं? ती हळूच म्हणाली, ‘ती आमच्यातलीच, ह्यां तुम्हाला कोणी सांगलं?’ म्हटलं, मग काय जव्हारच्या बाजारपेठेतली आहे?

५ नोव्हेंबर

पाड्यावरची निम्मी घरं बंद! माणसं वीटभट्टीला निघाली. तीही गेली असेल का त्यांच्यात? कुठं शोधू आता?

जिव्या म्हातारा शेकत बसला होता. त्याला टॅबवर फोटो दाखवला. त्यानं तोंडच फिरवलं. ‘झाक ते. नाव नाय तिला हाक मारू नको. मागं येल तुझ्या.’

काहीतरीच! पण परतताना जिपेत दोनदा मागं वळून पाहिलं. सीट रिकामी होती. रिकामीच असणार ना.

७ नोव्हेंबर

मोखाड्याच्या बाजारात पोरींच्या वेण्या बघत फिरले. लोक माझ्याकडे बघत होते.

९ नोव्हेंबर

जेवताना समृद्धी – ‘सापडली का गं?’ रोज विचारते. म्हटलं, नाही.

‘सापडली की काय करणार तिचं?’

गोळ्या देणार बाळा, चांगलंचुंगलं खायला घालायला सांगणार.

‘आणि तिच्या शाळेत कळेल?’

तुला कशाला गं पंचायती, जेव गुपचूप. अर्धी पोळी ताटात टाकून उठली. नखरे नुसते!

१० नोव्हेंबर

दुपारी भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली पडली होती. मला बरगड्याच दिसल्या. तेराव्या दिवशीही ती कुठंतरी उठतेय, खोकतेय, कुणाच्या तरी शेजारी झोपतेय. आणि मला तिचं तोंडसुद्धा माहीत नाही. खूप भीती वाटते. बाळे, कोण आहेस तू? सांग ना गं!

१२ नोव्हेंबर

उद्यासाठी जीप सांगून ठेवली होती. समृद्धी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ‘आई, उद्या नको जाऊस. तू जेवत होतीस तेव्हा मीच प्रसाददादाला म्हटलं, माझापण काढ. आता नोकरी जाईल म्हणून तो घाबरलाय. आई, ती मी आहे.’

तिला जवळ घ्यायच्या आधी मी धावत जाऊन बाहेरचं दार लावलं. शेजारच्या कमूवहिनींनी ऐकलं तर नसेल?