चिकटवलेला पाय

४ मार्च

लेखासाठी एक फोटो हवा म्हणून संग्रहालयात गेले आणि डोकं धरून बसले! माझ्या लाडक्या भुंगेऱ्याच्या मागच्या डाव्या पायाच्या सांध्यावर डिंकाचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख दिसतो. उजव्या पायावर दाट केस, डाव्यावर जवळपास नाहीतच. आणि सहा वर्षांपूर्वी डीएनएसाठी मी तुकडा तोडला, तो नेमका डाव्याचा!

याच एका भुंगेऱ्यासाठी मी वंशवृक्षात वेगळी फांदी काढली – बाकीच्यांपासून चार कोटी वर्षांपूर्वी फुटलेली. अख्खा प्रबंध तिच्यावर उभा आहे. लेख शुक्रवारी छपाईला जाणार.

५ मार्च

कुणाला सांगितलं नाही. आईचा फोन – "आवाज का असा? जेवलीस ना?" हो म्हटलं. धादांत खोटं.

६ मार्च

संग्रह सांभाळणाऱ्या काकांच्या घरी गेले. निवृत्त झालेत, पण आवाज तसाच खणखणीत. "पाय गळाला की मी लगेच चिकटवायचो. माझ्या हाताखाली एकही किडा लंगडा राहिला नाही, पोरी!"

कुठला पाय कुणाचा, हे कसं ठरवायचात?

"पेटीच्या तळाशी पडलेला असायचा ना. ज्याला कमी, त्याला लावायचा."

चहा तसाच ठेवून निघाले. पण रागवायचं कुणावर? सहा वर्षांत मी तरी कुठे नीट पाहिलं!

७ मार्च

सांगून टाकलं! माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परतले, तिसऱ्यांदा आत घुसले. "मॅडम, माझी फांदी खोटी आहे." त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि हसत सुटल्या. "अगं, माझ्या प्रबंधातल्या एका माशीचा डीएनए माझाच निघाला होता! लेख थांबवू. छापून आल्यावर कळलं असतं म्हणजे?"

तिथेच रडले. सुटले बाई एकदाची.

१८ मार्च

उजव्या पायाचा निकाल आला. भुंगेरा अगदीच साधा – मुकाट्याने आपल्या गोतावळ्यात जाऊन बसला. फांदी गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोन आठवड्यांनी आज पोटभर जेवले. आईलाही खरं सांगितलं. तिला आठवलं काय, तर मी लहानपणी झुरळ बघून पलंगावर चढायचे ते! दादा मागून ओरडला, "सहा वर्षं दुसऱ्याच्या पायावर उभी होतीस होय गं?" खूप हसलो.

२ एप्रिल

प्रबंध नव्याने लिहायला घेतला. मॅडमनी जाता जाता विचारलं, "मग तो पाय कुणाचा?" पेटीतले सगळे भुंगेरे तपासले. शेजारच्या अकरा पेट्याही. तसा पाय कुणालाच नाही. काकांनी आणला कुठून! उरलेल्या तुकड्याचा डीएनए पुन्हा काढायला दिला.

२९ एप्रिल

निकाल तोच. फांदी जिथल्या तिथे! फक्त तिच्यावरचा भुंगेरा अजून कुणी पाहिलेलाच नाही.