खळीचं टेबल

आप्पा,

आज माझ्या खोलीत खळ करपली. विद्यापीठाच्या ठाण्यातल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, 'विद्यार्थी समुपदेशन केंद्र' अशी पाटी असलेल्या खोलीतून मैद्याचा करपट वास सुटला. शेजारच्या परीक्षा विभागातल्या बाई नाकाला पदर लावून आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आज डोसे का?" मी म्हटलं, "नाही हो, पुस्तकं चिकटवायचीयेत." समुपदेशनाची गरज नक्की कुणाला आहे, असा चेहरा करून त्या परत गेल्या. तुम्ही असतात तर आधी भांड्यात डोकावून मग माझ्याकडे बघितलं असतंत. "ढवळायची थांबलीस ना? फोन घेतला असशील." फोनच घेतला होता.

ठाकुर्लीच्या आपल्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी आईचा स्टोव्ह तासभर तुमच्या ताब्यात असायचा. मैदा, पाणी आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या विषाच्या पातेल्याच्या कानाला आईने लाल दोरा बांधून ठेवलेला, तरी दर रविवारी ती म्हणायचीच, "एक दिवस यात आमटी होईल आणि सगळेच सुटू." तुम्ही हसत ढवळत राहायचात. कल्याणच्या कॉलेजात तुम्ही ग्रंथालयाचे शिपाई. फाटकी पुस्तकं शिवा, चिकटवा, असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तुम्ही आपण होऊन अंगावर घेतलेलं.

मागच्या खिडकीपाशी तुमचं टेबल. अकरावीला मीही त्याच आवारात, त्यामुळे तास संपले की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा अभ्यास. एखादी मुलगी सकाळपासून एकच पान उघडून बसलेली दिसली की तुम्ही उठता, तिच्याजवळ जाता, पण 'काय झालं' असं चुकूनही विचारत नाही. म्हणता, "जरा हात लाव गं, हा पुठ्ठा धर." मग तिच्या हातात ब्रश येतो. मान खाली, बोटं चिकट, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची सक्ती नाही. पुस्तकाचा कणा वाळेपर्यंत जागेवरून उठताही येत नाही. मग ती आपणहून बोलायला लागते, आणि तुम्ही फक्त "हं" म्हणता. पुढे एम.ए. ला मी समुपदेशनावरची जाडजूड पुस्तकं वाचली. बाकीची मुलं माना डोलावून टिपणं काढत होती आणि मी मनात म्हणत होते, हे तर आमच्या आप्पांचं.

एकदा घरी येताना मी तुम्हाला विचारलेलं, आज टेबलापाशी बसलेली ती मुलगी का रडत होती. तुम्ही रस्त्यातच थांबलात. आवाज चढवला नाहीत, पण तसे कठोर तुम्ही मला पुन्हा कधी दिसला नाहीत. "बाय, टेबलावरचं टेबलावर. ते घरी आणायचं नाही, आईपाशीसुद्धा नाही. जमत नसेल तर उद्यापासून दुसरीकडे बस." मी मान हलवली. ऐकायला दोन कान होते, पोटात ठेवायची अक्कल मात्र अजून आलेली नव्हती.

मग कोपरला राहणारी एक मुलगी आली, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची. तिचे दोन विषय राहिलेले, आणि ते घरी कळलं तर कॉलेज बंद करून लग्न लावून देतील म्हणून ती गप्प होती. तुम्ही तिला ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावलात, जुन्या प्रश्नपत्रिका काढून दिल्यात. ती रोज येऊन अभ्यास करत होती. आणि चार दिवसांत तिच्या घरी सगळं कळलं. तिचे काका ग्रंथालयात येऊन उभे राहिले. "आमची पोर हितं शिकाला येते का तुमची पुस्तकं चिकटवाला?" मुलगी दाराशी खाली मान घालून उभी. ती पुन्हा कॉलेजात दिसली नाही. तुम्हाला मेमो मिळाला आणि टेबल काढून घेतलं. वर्षभर तुम्ही वर्तमानपत्रं काठ्यांना लावत बसलात. घरी आईला एवढंच म्हणालात, "माझंच तोंड कुठेतरी सैल सुटलं असणार." त्यानंतर तुम्ही ग्रंथपालांशीसुद्धा मोजकंच बोलायचात.

माझं एम.ए. झालं तेव्हा तुम्ही मला तुमचं पुस्तकं शिवायचं दाभण दिलंत, लाकडी मुठीचं, मूठ तुमच्या तळव्याने गुळगुळीत झालेली. म्हणालात, "तुझ्या कामात याचा काय उपयोग ते मला ठाऊक नाही. पण राहू दे." ते आज माझ्या टेबलावर आहे. केंद्रात मी आले तेव्हा तिथे दोन सोफे आणि 'मोकळं बोला' असं लिहिलेला एक तक्ता होता, आणि मुलं दारातूनच परत जायची. मी एक सोफा काढायला लावला, ग्रंथालयातून फाटकी पुस्तकं मागवली. आता बाहेरच्या बाकावर मुलं नंबर लावून बसतात.

गेल्या महिन्यात कळव्याची एक मुलगी यायला लागली. एम.एस्सी. सोडायच्या बेतात होती. कारण मी इथेही लिहिणार नाही. पहिले दोन दिवस नुसते पुठ्ठे कापले. तिसऱ्या दिवशी ब्रश बुडवता बुडवता म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही कोणाला बोलणार नाही ना?" मी नेहमीचं सांगितलं, की जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, एरवी हे या टेबलावरून हलणार नाही. आठवड्याने तिचे वडील येऊन धडकले. "मी बाप आहे तिचा. मला कळलंच पाहिजे." वरून वरिष्ठांचाही फोन, की बघा जरा, सांगून टाका. मी नाही म्हणून फोन ठेवला, आप्पा, आणि एक फाटकं पुस्तक पुढे ओढलं. त्या गृहस्थांना म्हटलं, "बसा ना. हे जरा धरता का?" पाऊण तास त्यांनी एका शब्दकोशाचा कणा दाबून धरला, आणि जाताना म्हणाले, "ती सांगेल तेव्हा सांगू दे." काल तिनेच सांगितलं, त्यांना माझ्या खोलीत आणून. आज तिने परीक्षेचा फॉर्म भरला. ते सांगायला तिने फोन केला आणि त्या नादात खळ करपली.

मध्यंतरी केंद्राच्या पाहणीसाठी आलेल्या समितीने मला विचारलं, ही पद्धत कुठली. मी ताठ मानेने सांगितलं, माझ्या वडिलांची, ते कल्याणच्या एका कॉलेजात शिपाई होते. मला तुमचा इतका अभिमान वाटला की पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही. बहुतेक त्यांनी विचारलं होतं, गुप्ततेचा नियम इतका कडक कशाला.

त्याचं उत्तर मी तुम्हाला द्यायला हवं होतं, आणि तुम्ही होतात तोवर मी ते दिलं नाही. तुमचं तोंड कधीच सैल नव्हतं, आप्पा. कोपरला राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला मीच सांगितलं होतं, वडापाव खाता खाता, सहज. ती त्या मुलीची शेजारीण निघाली. तुम्ही वर्षभर वर्तमानपत्रं लावत होतात आणि मी रोज तुमच्यासमोर बसून डबा खात होते. आता हा कागद घडी करून दाभणाखाली ठेवते, पाठवायचा कुठे? इतकी वर्षं सांगावंसं वाटलं की स्वतःलाच म्हणायचे, टेबलावरचं टेबलावर. तुमचाच नियम मी तुमच्यापासून लपायला वापरला.