तलावातली जागा

८ मार्च

आज महिला दिन. ग्रामपंचायतीच्या सभागृहात मंचावर खुर्च्या, खुर्च्यांवर सगळे पुरुष. बायांसाठी खाली सतरंजी. पाहुण्यांना हार घालायला मात्र बाईच लागते, म्हणून कुंताबाईला वर बोलावलं. हार घालून झाला की उतरवलं.

लिंबू-चमच्याची शर्यत झाली. मी दुसरी आली. बक्षीस चाळणी. पहिलीला मोठी चाळणी.

मग भाषणं. सगळ्यात लांब भाषण आमच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाचं, बाबुलालभाऊचं. जगात बाया कशा पुढे चालल्या, कोणत्या देशात बाई राज्य करते, कोणती विमान चालवते, कोणती चंद्राकडे निघाली. "आजच्या बाईले कोनी अडवू शकत नाई!" टाळ्या. मंचावरच्यांनीच जास्त वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तशी माझी जाऊ चंद्रभागाबाई सतरंजीवरून उठली. पदर सावरून म्हणे, "भाऊ, चंद्रावर नको. मले आपल्या तलावात उतरू द्या."

 मग मंचावर असे हसले की पाहुण्यांचा हार हलला. बाबुलालभाऊ म्हणे, "हा प्रश्न आजचा नोहे वो बाई. आज कार्यक्रम आहे."

बायांचा प्रश्न बायांच्या दिवशी नाही. मग काय पोळ्याला विचारायचा?

आम्ही ढीवर. तलावावर पोट. सोसायटीचा सभासद असला तर जाळं टाकता येतं, मासोळीत हिस्सा भेटतो. नसला तर काठावर उभं राहून पाहायचं. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, इश्वर — तोंडाने नाव घेत नाही, पण वहीत चालते — सभासद होते. दिवाळीच्या आधी काविळीनं गेले. त्यांच्या जागी चंद्रभागाबाईचं नाव लागायला पाहिजे होतं. लागलं माझ्या दिराचं, भुपेंद्रचं. "मेल्याच्या जागी घरचा पुरुष" अशी रीत आहे म्हणे. चंद्रभागाबाई आता आमच्याच घरून मासोळी विकत घेते अन् बाजारात विकते. तिची रुपा अकरावीत आहे. नवऱ्याची मासोळी दिराकडून विकत घ्यायची! यालाच घरचा आधार म्हणतात आमच्याकडे.

९ मार्च

घरी विषय काढला. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "घरचा हिस्सा घरात राह्यला. त्यात का बिघडलं?"

मी म्हटलं, "चंद्रभागाबाई कोणाच्या घरची?"

"वेगळी राह्यते ते."

दोन भिंतींच्या मधात एक बोळ आहे. त्याला वेगळं राहणं म्हणतात.

धनराज, म्हणजे माझा नवरा, ताटात पाहून म्हणाला, "तुहं बरोबर आहे रंजू. पन." त्याचं प्रत्येक वाक्य तिथेच संपते. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'पण'च्या पुढे काय आहे ते मी अजून ऐकलं नाही.

भुपेंद्र खाटेवर मोबाईल पाहत होता. हा तलावाचा सभासद. डोंग्यात बसला की त्याला चक्कर येते.

१३ मार्च

आज चंद्रभागाबाई तलावात उतरली.

सकाळी मी पाण्याला गेली तर काठावर ही गर्दी. पाहते तर भासऱ्यांचा डोंगा मधोमध, त्यात ती, कंबरेला पदर खोचलेला. जाळंही तिचंच. भासरे आजारी होते तेव्हा त्यांच्या खाटेजवळ बसून विणलेलं. फेकलं तर असं गोल उघडलं की काठावरच्या माणसांची तोंडंही तशीच उघडली.

एक म्हातारा सांगत होता, "बाई उतरली का मासोळी बुडाशी जाते." तेवढ्यात तिनं जाळं ओढलं. दोन मरळ अन् एक कतला. बहुतेक त्यांना कोणी ही रीत सांगितली नव्हती.

ती काठाला लागली तर बाबुलालभाऊ उभे. म्हणे, "ही चोरी होय."

ती म्हणाली, "कोनाची?"

यांनी जाळंच ओढून घेतलं. मासोळ्याही घेतल्या. जाळं नेऊन सोसायटीच्या खोलीत खिळ्याला टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं असं. भुपेंद्र तिथेच होता. त्याची वहिनी चिखलात उभी, अन् हा दुसरीकडे पाहून राहिला. धनराजही होता. तो दोन पावलं पुढे गेला. मग थांबला. पण!

चंद्रभागाबाई रडली नाही. ओल्या लुगड्यानं तशीच घरी गेली. मी तिच्या मागं गेली तर म्हणाली, "जाळ्याचं दुःख नाई मले. मेल्या मानसाचं टांगते तसं टांगलं काहून? मी का मेली का?"



१५ मार्च

कुंताबाईच्या ओट्यावर आम्ही बाया जमलो. नाव बचत गटाचं. त्यामुळे कोणी विचारत नाही. बाया बचत करून राहिल्या म्हटलं की माणसं निश्चिंत होतात.

कुंताबाईचा नवराही सभासदच. ती साठीची आहे, बोलते कमी, तंबाखू जास्त खाते. सगळ्याजणींचं रडगाणं संपू दिलं, मग थुंकून म्हणाली, "पकडतेत ते. खवले काढाचे कोनी? टोपलं उचलाचं कोनी? बाजारात गळा फाडाचा कोनी? त्याईचा तलाव त्याईले ठेवू द्या. आपला बाजार आपन बंद करू."

 मग एकीला हसू आलं. मग सगळ्यांना.

ठरलं. जाळं परत येत नाही अन् चंद्रभागाबाईचं नाव लागत नाही तोवर टोपल्याला हात लावायचा नाही.

२० मार्च

बाजाराचा दिवस. गावातल्या सगळ्या ढीवर बाया बिमार. कोणाची कंबर, कोणाचं डोकं. मी धनराजला सांगितलं, "मले मळमळते." त्यानं इतकं आनंदानं पाहिलं की सांगावं लागलं, तसं काही नाही.

बिमारी जास्त असल्यामुळे मी अन् कुंताबाई आसगावच्या बाजारात गेलो. बांगड्यांच्या दुकानाआड उभ्या राहून पाहिलं.

माणसं ओळीनं बसलेली, लग्नात रुसलेल्या जावयांसारखी. मासोळी पुढे, नजर आकाशात. ओरडायची लाज. तलावावर ज्यांचा आवाज पलीकडच्या काठाला जातो त्यांच्या तोंडून "मासोळी घ्या" निघेना. एका गिऱ्हाईक बाईनं धनराजला म्हटलं, "रोहू साफ करून द्या." त्यानं मासोळी चिरायची पावशी अशी धरली की ती बाईच मागे सरकली. अर्धे खवले त्याच्या मिशीत गेले. तिनं भाव पाडला, यानं लगेच दिला. तिनं आणखी पाडला, यानं आणखी दिला. शेवटी तिलाच दया आली असेल, म्हणाली, "तुमची बाई कोठी आहे जी?"

"बिमार आहे."

शेजारच्याला विचारलं. त्याचीही बिमार. बाबुलालभाऊंचीही बिमार. बाई म्हणाली, "गावात साथ आली का?"

कुंताबाईनं पदर तोंडात कोंबला.

भुपेंद्रचं बोट कापलं. त्यानं टोपलं तिथंच सोडलं अन् चहाच्या दुकानात जाऊन बसला. टोपल्याचा पुढचा कार्यक्रम कुत्र्यांनी पाहिला.

२१ मार्च

सकाळी रोहू. दुपारी रोहू. आता पुन्हा रोहू. लेकरं भाजी मागून राहिली.

२४ मार्च

बाबुलालभाऊ घरी आले. माझ्याशी बोलले नाहीत. धनराजला म्हणाले, "बायकोले आवर. एका बाईच्या नादी लागून सगळ्याईचं पोट मारून राहिल्या."

मी चहा दिला. तोही धनराजच्याच हातून घेतला.

धनराज म्हणाला, "भाऊ, तिचं बरोबर आहे."

मी 'पण'ची वाट पाहत उभी होती. आला नाही. बाबुलालभाऊही वाट पाहत होते.  मग ते चहा अर्धा टाकून उठले. जाता जाता सासूबाईंजवळ थांबले. "जिजामाय, तूच समजदार आहेस. पुढच्या बाजारी तू बस. तू बसली का बाकीच्याही येतीन."

सासूबाई म्हणाल्या, "बसतो."

मी त्यांच्याशी दिवसभर बोलली नाही. त्यांना फरक पडल्याचं दिसलं नाही.

२७ मार्च

सासूबाई खरंच गेल्या. बाबुलालभाऊंनी स्वतः गाडीत बसवलं, टोपली ठेवली, वर गोणपाट. सगळ्या घरांची मासोळी त्यांच्याच टोपल्यांत. आम्ही दारातून पाहिलं. कुंताबाई म्हणाली, "तुही सासू आपल्याले बुडवते."

दुपारी राहवलं नाही. गेली मी.

सासूबाई ओळीच्या मधोमध बसल्या होत्या. टोपल्यांवरचं गोणपाट जसंच्या तसं. गिऱ्हाईक येत होतं, विचारत होतं, जात होतं. त्या पुतळ्यासारख्या. बाबुलालभाऊ आधी हळू म्हणाले, "खोल न माय." मग मोठ्यानं. मग आजूबाजूचे सगळे म्हणायला लागले. ऊन चढलं. वास सुटला. माशा बसल्या. ही बाई नाही हलली.

शेवटी बाबुलालभाऊ ओरडले, "आनलं कायले तुले?"

तेव्हा बोलल्या. जोरानं नाही. "इश्वर माहा पह्यला पोरगा. त्याच्या खाटेपाशी बसून त्याच्या बायकोनं जे जाळं विनलं, ते तुवा मेलेल्या जनावरासारखं टांगलं. रोज तठून जातो मी. तुले वाटलं या बुडी मायले दिसत नाई?"

बाजारातल्या परक्या बायाही जमा झाल्या होत्या. एकीनं विचारलं, कोणतं जाळं? दुसरीनं तिला सांगितलं. तिनं तिसरीला. आमच्या माणसांनी टोपली उचलली अन् घर गाठलं. मासोळी गेली खड्ड्यात.

वापस येताना आम्ही दोघी एकाच ऑटोत होतो. मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणत होत्या, घरचा हिस्सा घरात."

"म्हनत होतो," त्या म्हणाल्या. अन् बाहेर पाहायला लागल्या.

३० मार्च

सोसायटीची सभा. चंद्रभागाबाई सभासद झाली. भुपेंद्रनं जागा सोडायला स्वतःच हात वर केला. त्याचा चेहरा असा की चक्कर कायमची गेली.

ठराव झाला: यापुढे सभासद मेला तर त्याच्या जागी त्याची बायको. सगळे हो म्हणाले. बाबुलालभाऊ उभे राहून म्हणाले, "मी आधीपासूनच या मताचा होतो." कोणी हसलं नाही. मी हसली, पण ओठांच्या आत.

जाळं त्यांनी समारंभपूर्वक परत दिलं. शाल, नारळ अन् जाळं. ज्यानं पळवलं त्याच्याच हातून सत्कार! पेपरवाल्यानं फोटो काढला. मधात बाबुलालभाऊ.

२ एप्रिल

फोटो आला. 'महिलांच्या हक्कासाठी मच्छीमार संस्थेचे पुढचे पाऊल.' बाबुलालभाऊ पूर्ण, नारळ पूर्ण, चंद्रभागाबाईचा एक खांदा.

रुपानं तरी कापून ठेवला. म्हणाली, "आईचा खांदा आहे, काकू."

५ एप्रिल

परवाच्या बाजारात बाया पुन्हा बसल्या. आमचा आवाज ऐकून गिऱ्हाइकांना बरं वाटलं.

सकाळी तलावावर गेली होती. चंद्रभागाबाई डोंग्यातून उतरली, जाळं झटकलं. रोज उतरते आता. कोणी काही म्हणत नाही, फक्त तिचं जाळं भरलं की दुसरीकडे पाहतात. मी टोपलं धरलं. ती म्हणाली, "तू कधी येतं?"

"मी? मी कशी येऊ? धनराज आहे न सभासद."

"मंग?"

"मग काय. ठराव तर नवरा मेल्यावरचा आहे."

ती जाळ्यातली शेवाळ काढत राहिली. म्हणाली, "म्हंजे वाट पाहतं?"

मी टोपलं घेऊन घरी आली. धनराज अंगणात दात घासत होता. मला पाहून हसला. धडधाकट माणूस. अजून चाळीस वर्षं तरी काही होत नाही त्याला.

आम्ही इतकं भांडलो, बाजार बंद केला, मासोळी सडवली. अन् मागितलं काय? मेलेल्याची जागा. त्याच्या वर कोणाचंच डोकं चाललं नाही. माझंही नाही.

७ एप्रिल

बाबुलालभाऊंकडे गेली. म्हटलं, मला सभासद करा. त्यांचा चेहरा उतरला. घाबरून म्हणाले, "धनराजले का झालं?"

"काही नाही. घरी जेवून राहिला."

"मंग कोनाची जागा पायजे तुले?"

"माझी."

त्यांना समजलं नाही. मला वेळ होता. दारात कुंताबाई आली होती, तिच्या मागे बाकीच्या. सगळ्यांचे नवरे जिवंत. मी बायांसाठी खाली टाकलेली सतरंजी सोडून खुर्चीवर बसली अन् पहिल्यापासून सांगायला लागली.