घर सुनेला, कोरी कार्डं निवारागृहाला

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपणाखाली अर्धे आयुष्य काढल्यामुळे ते नसते तेव्हा कसे वाटते, हे मला पक्के कळते.

१. राहते दोन खोल्यांचे घर मी पती वारल्यावर लोकांचे कपडे शिवून स्वतःच्या नावावर घेतले. ते पूर्णपणे सुनेला द्यावे. मुलाचा त्यावर कसलाही हक्क नाही.

कारण लिहिते, नाहीतर म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. गेल्या हिवाळ्यात सुनेचा गाल सुजलेला दिसला. बाथरूममध्ये पडले, म्हणाली. मीही माझ्या काळी तिथेच पडत असे. मुलाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "आई, तू तुझी निवारागृहाची कार्डं लिही. आमच्यामध्ये येऊ नकोस."

लहानपणी तो शिवणयंत्राखाली लपून सगळे बघायचा. मला वाटे, पोराला आईचे दुःख कळते आहे. पोरगा बापाचा हात गिरवत होता.

तो कामावर गेल्यावर सून म्हणाली, "सोडून जाऊ तरी कुठे?"

मी म्हटले, "तू कशाला जातेस? जाईल तो."

त्याच दिवशी कुलूप बदलले. आईने माझा संसार मोडला, असे तो सांगत फिरतो. खरे आहे. पण मी डोळे मिटताच तो वारस म्हणून दारात उभा राहील, म्हणून हा कागद.

२. मुलाला त्याच्या वडिलांचा फोटो द्यावा. बाकीचा वारसा त्याने आधीच घेतला आहे.

३. शिवणयंत्र, कोरी कार्डं आणि पेने निवारागृहाला. मी तिथे राहत होते तेव्हा काही बायका फुलांची छापील कार्डं वाटून गेल्या. माझ्या कार्डावर लिहिले होते, 'हसत राहा.' माझ्या ओठाला टाके होते. तेव्हापासून नव्या आलेल्या बाईसाठी मी स्वतः कार्ड लिहिते: 'तू पडली नाहीस. आम्हाला माहीत आहे. आज पोटभर जेव. दाराला आतून कडी आहे.' पुढेही असेच साधे लिहावे. 'धीर धर' लिहू नये. तो धरूनच ती इथवर आलेली असते.

४. भावाला काही नाही. सुजलेल्या डोळ्याने त्याच्या दारी गेले, तर चहा पाजून, "नांदतं घर असं सोडतात का," म्हणत त्याने मला परत नेऊन सोडले. माझी बातमी त्याला सगळे आटोपल्यावर कळवावी.

हे सर्व निवारागृहाच्या व्यवस्थापिकेने पार पाडावे. तिला हात जोडून विनंती.

स्थळ: माझ्याच घरातली पुढची खोली
दिनांक: ३ फेब्रुवारी

सही: शिवणकामवाली

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. मी शुद्धीवर असल्याचे यांनी तपासले.

साक्षीदार दुसरे: माझ्या सासरचे शेजारी. आमच्यामध्ये एकच भिंत होती. माझा सगळा संसार यांनी ऐकला. साक्ष आज पहिल्यांदा देत आहेत.